आवाजाचं बटण लहानूच्या हाती

अंजनाबाईनं पोरीला तीन हाका मारल्या. "पुष्पे, दूध पाय वं! उतू चाललं!" पुष्पलता दारात बसून वहीत गाणी उतरवत होती, डावी बाजू आईकडे करून. तीन हाकांत तिची पापणी हलली नाही. दूध चुलीत गेलं, करपल्याचा वास गल्लीपर्यंत पोचला, तेव्हा कुठं पोरीनं मान वळवली.

"माय, काही म्हटलं का?"

दूध गेलं तर गेलं. अंजनाबाईला राग आला तो दुधाचा नव्हता. पंधरा दिवस ती या पोरीच्या कानात लसूण कढवलेलं कोमट तेल घालत होती. कानात रातकिडे ओरडतात, असं पोरगी म्हणाली होती. उन्हाळ्यानं कान सुकला असेल, असं अंजनाबाईनं धरलं. वस्तीतल्या सगळ्या बाया असंच धरतात. कान दुखला, तेल. कान वाजला, तेल. आणि इकडे पोरीला हाक ऐकू येईना.

"खरं सांग. कधीपासून?"

पुष्पलता वहीकडे पाहत म्हणाली, "जयंतीच्या प्रोग्रामपासून. अगुदर बी वाजे, पण तीन-चार दिवसांत थांबे. या वेळी थांबलाच नाही."

"अन् मले काहून नाही सांगतलं?"

"तू पार्टी बंद करशीन म्हणून."

एकोणीस वर्षांची पोर. गळा असा की रस्त्यानं जाणारा सायकलवाला पाय टेकून उभा राहावा. भैय्याजींच्या गायन पार्टीत ती दोन वर्षांपासून गात होती. भैय्याजी म्हणजे वस्तीचा जुना पेटीवाला, वस्तीतल्या बहुतेक माणसांसारखा कापडमिलमध्ये कामाला. वीस वर्षं ही पार्टी एक ढोलक, एक पेटी आणि झाडाला टांगलेला एक भोंगा एवढ्यावर चालली होती. मग गेल्या साली, म्हणजे अठ्ठ्याहत्तरला, नवा अँप्लीफायर आला. लकडगंजातून फळ्या आणून तीन बॉक्स बनवले, एकेक बॉक्स दहा वर्षांच्या पोराएवढा उंच. दोन बॉक्स लोकांकडे तोंड करून ठेवायचे आणि तिसरा आत वळवायचा, स्टेजकडे. गाणाऱ्याच्या डाव्या कानापासून दोन हातांवर.

ही तिसऱ्या बॉक्सची अक्कल लहानूची. लहानू म्हणजे अंजनाबाईचा नवरा, पुष्पलताचा बाप. बावीस वर्षं मिलच्या लूमखात्यात, मागावर. वायरिंग तो स्वतःच शिकला होता, म्हणून पार्टीचा अँप्लीफायर त्याच्याकडे. "गाणाऱ्याले आपला आवाज आयकू यायले पायजे," असं तो म्हणे, आणि लोक मान डोलावत. अंजनाबाईनंही डोलावली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं बिड्यांचं सूप बाजूला सारलं आणि पोरीला घेऊन सरकारी दवाखाना गाठला. कानाच्या डॉक्टरीणबाईंनी लोखंडी चिमटा वाजवून दोन्ही कानांपाशी धरला, कपाळाला टेकवला, परत वाजवला. मग विचारलं, "मिलमध्ये जातेस का? लूमखात्यात?"

"नाही जी. मी गाते."

डॉक्टरीणबाईंनी चिमटा खाली ठेवला. "असे कान माझ्याकडे येतात ते मागावरच्या माणसांचे. वीस वर्षं तिथं उभं राहिलेल्यांचे. एवढ्या लहान मुलीचा असा कान मी पहिल्यांदा बघतेय."

"मी तेल घालून राहिली रोज," अंजनाबाई म्हणाली.

"तेलानं काय होणार? मार आत बसलाय. आत बारीक केसांसारखं असतं, मोठ्या आवाजानं ते आडवं पडतं. वाऱ्यानं गहू पडतो ना, तसं. एकदा पडलं तर पुन्हा उभं राहतं. रोज झोडपलं तर राहत नाही. हिचं थोडं परत येईल. थोडं गेलं ते गेलं."

"मग आता?"

"महिनाभर कानाला आराम. आणि पुढं गायचंच असेल तर त्या बॉक्सपासून लांब उभं राहायचं. नुसता कापूस कानात कोंबून उपयोग नाही, आवाज त्यातून आरपार जातो. मेण पातळ करून त्यात कापूस मळायचा, त्याची गोळी करून नीट बसवायची. मधूनमधून उठून शांत जागी जायचं. पण सगळ्यात आधी आवाज कमी करा. त्याचं बटण कुणाच्या हातात असतं?"

 बटण कुणाच्या हातात असतं ते अंजनाबाईला चांगलंच माहीत होतं.

लहानू पहिल्या पाळीवरून चारच्या सुमारास आला. ओट्यावर बसून पायावर पाणी घेऊ लागला, तिच्याकडे पाठ करून. अंजनाबाई दारात उभी राहिली.

"तो तिसरा बॉक्स फिरवा," ती म्हणाली.

लहानू पाय चोळत राहिला. तिला वाटलं, ऐकून न ऐकल्यासारखं करतो आहे. तिचं डोकं तापलं.

"पोरीचा कान गेला तुमच्या बॉक्सनं! आयकून राहिले का?"

त्यानं दुसऱ्या पायावर पाणी घेतलं. शांत. गुणगुणत होता काहीतरी. आणि त्या गुणगुणण्यापाशी अंजनाबाई थबकली. भांडण टाळणारा माणूस असा गुणगुणत नाही. ती एक पाऊल पुढं झाली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "घराले आग लागली!"

भिंतीपलीकडून शेजारची मीराबाई ओरडली, "अवं माय! कुठी वं आग?"

लहानूनं लोटा उपडा घातला, धोतराच्या सोग्यानं पाय पुसले, वळला, तिचा चेहरा बघितला आणि म्हणाला, "काय झालं? अशी काहून उभी आहे?"

 अंजनाबाई उंबऱ्यावर बसली. भिंतीवरून डोकावणाऱ्या मीराबाईला तिनं हातानंच सांगितलं, जा, काही नाही.

लग्नाला वीस वर्षं झाली होती. वस्तीतल्या बाया आपापल्या नवऱ्यांचं रडगाणं सांगत, की बोलताना तोंडाकडे बघतसुद्धा नाहीत, भिंतीशी बोलावं तसं. अंजनाबाई तेव्हा गप्प बसे आणि मनातल्या मनात सुखावे. तिचा लहानू तसा नव्हता. ती बोलू लागली की तो हातातलं काम सोडून तिच्या तोंडाकडे बघे. आता तिला कळलं, तो ओठ बघत होता. लूमखात्यात सगळे तेच करतात. मागांच्या खडखडाटात कुणाला कुणाचं ऐकू येत नाही, ओठांवरून आणि बोटांवरून बोलणं चालतं. तीच सवय घरी आली होती. जे तिनं आपलं म्हणून जपलं तेही मिलचंच निघालं. या गोष्टीचा तिला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कशाचाच आला नव्हता.

"कधीपासून आयकू येत नाही तुमाले?" तिनं त्याच्यासमोर जाऊन विचारलं.

लहानूचा चेहरा उतरला. "हळू बोल."

"हळू? हळू बोलून कोणाले आयकू येईन? तुमाले?"

"थोडं थोडं येते. अंजना, कोणाले सांगू नको. मिलमध्ये समजलं तं मागावरून काढन, झाडूवर लावन मले."

"अन् पोरीचं काय? तुमाले आयकू यावं म्हणून तो बॉक्स आत वळवला ना? तिच्यासाठी नाही वळवला, आपल्यासाठी वळवला!"

त्यानं नाही म्हटलं नाही. खाली बघितलं. खाली बघितल्यावर तिचं बोलणं त्याला कळायचं थांबलं, आणि तिनं हनुवटी धरून त्याचं तोंड वर केलं. "इकडे पाहा! पळू नका!"

"मले कमीच वाटते गा आवाज," तो म्हणाला. बाईमाणसाला 'गा' म्हणतो आहे याचंही त्याला भान नव्हतं. "खरंच सांगतो. मी वाढवतो, तरी कमीच वाटते. बावीस वर्षं मी त्या मागाचा नोकर. तो चालन तसं मी चालायचं. एक हे बटण माझ्या हाती आहे. मी फिरवन तसं ते चालते. ते नको काढू."

मग त्यानं पोरीला जवळ बसवलं, डॉक्टरीणबाईंनी काय सांगितलं ते तिच्या ओठांवरून समजून घेतलं आणि डोळ्यांत पाणी आणलं. आठ दिवसांनी बुद्धपौर्णिमेला कामठीच्या पार्टीशी गाण्याचा सामना होता. बटणापाशी खडूची रेघ मारतो, त्याच्या वर जाणार नाही, असं त्यानं कबूल केलं. तिसरा बॉक्स बाहेर फिरवतो हेही कबूल केलं. पुष्पलता म्हणाली, "मी मेणाचा कापूस घालून गाईन. एवढा सामना होऊ दे, माय." डॉक्टरीणबाईंनी महिना सांगितला होता. अंजनाबाईनं नाही म्हणायला हवं होतं. ती हो म्हणाली. त्याचा रागही पुढं तिनं स्वतःवरच काढला.

बुद्धपौर्णिमेला दिवेलागणीच्या वेळी वस्तीतलं मैदान भरलं. बसण्याची रीत ठरलेली. पुढं मिलची माणसं, रामाजी म्हातारा मधोमध, कारण मागावर सगळ्यांत जास्त वर्षं त्याची. मागं बाया आणि पोट्टे. कामठीवाले आधी गाऊन गेले, चार बॉक्स लावून. मग भैय्याजींची पार्टी उठली.

अंजनाबाईनं मागच्या रांगेतून मान उंच करून बघितलं. तिसरा बॉक्स आतच वळलेला होता.

पुष्पलता माईकपाशी आली. भैय्याजीनं पेटी समोर घेतली आणि त्याची नजर तिच्या कानाकडे गेली.

"हे काय घातलं वं?"

"कापूस. मेणाचा. डॉक्टरीणबाईनं सांगतला."

भैय्याजीचा आवाज माईकमधून सगळ्या मैदानात गेला. "कापूस तं मुर्द्याच्या कानात घालतात! एक वेळ मागावरचं सूत तुटलं तं चालन, पण असा अपशकुन आपल्या स्टेजवर नाही पायजे." आणि त्यानं हात लांब करून दोन्ही गोळ्या काढल्या आणि आपल्या कोटाच्या खिशात टाकल्या. पुढची माणसं हसली. पुष्पलता लाल झाली. पण पेटीचा सूर लागला होता, ढोलक सुरू झाली होती. ती गायला लागली.

पहिल्या कडव्याला आवाज ठीक होता. मग पुढून एक ओरडला, "आवाज!" दुसरा ओरडला, "आवाज वाढवा ना गा, लहानू! कामठीवाल्यांसमोर नाक कापता काय?" रामाजीनं काठी वर करून हवेत गोल फिरवली. वाढव, वाढव. लहानूनं खडूच्या रेघेकडे बघितलं. एकदा मागं, बायांच्या गर्दीकडे बघितलं. मग त्यानं बटण फिरवलं.

अंजनाबाईच्या आजूबाजूला पोट्ट्यांनी कान दाबले. मीराबाईचा नातू किंचाळून रडू लागला. मीराबाईनं त्याचं डोकं मांडीत घेतलं, वरून पदर टाकला आणि पुटपुटली, "दरवेळचंच आहे हे. काय करता?" पुढून परत, "आवाज! आवाज!" पुढचे ओरडत होते, मागचे कान झाकत होते, आणि दोघांच्या मध्ये बटण होतं एका बहिऱ्याच्या हाती. स्टेजवर पुष्पलतानं एक हात डाव्या कानावर नेला, खाली आणला, परत नेला. गाणं सोडलं नाही पोरीनं.

अंजनाबाई उठली. बायांमधून, माणसांमधून, कुणाच्या मांडीवर पाय पडला त्याची पर्वा न करता ती सरळ पुढं गेली. लहानूनं तिला येताना बघितलं आणि त्याचा हात बटणावरच थिजला.

"बंद करा," ती म्हणाली.

त्याला कळलं. ओठ त्याला कळले. "एवढं गाणं होऊ दे," तो म्हणाला.

तिनं बोर्डातला प्लग उपसला. मैदान एकदम मुकं झालं. भैय्याजी पेटी सोडून उठला.

"वहिनी! अक्कल आहे का? सामना चालू आहे!"

"बसा तुमी, भैय्याजी. तुमचंबी निघन आज."

ती स्टेजवर चढली. लोकांकडे तोंड केलं आणि पदर नाकापर्यंत ओढून तोंडावर धरला. मग साध्या आवाजात, नळावर बोलतात तेवढ्या आवाजात, ती म्हणाली, "ज्याले ज्याले माझं आयकू येऊन राहिलं, त्यानं हात वर करा."

पुढच्या रांगेतून कुणी म्हणालं, "काय म्हणून राहिली?" दुसरा, "पदर काढा ना, बाई!" तिसरा, "माईक चालू करा!" रामाजीनं काठी आपटली. "आवाज!"

मागं मीराबाईनं हात वर केला. तिच्या बाजूच्यांनी केला. मग सगळ्या बायांनी, सगळ्या पोट्ट्यांनी. शंभर-सव्वाशे हात. पोट्टे तर दोन्ही हात वर करून हसू लागले, खेळ वाटला त्यांना.

पुढच्या माणसांनी मागं वळून बघितलं.

"काहून हात वर केले वं तुमी?" रामाजीनं आपल्या सुनेला विचारलं. सून शामला मघापासून हसत होती. तिचं हसू थांबलं. ती सासऱ्याला काय सांगावं म्हणून इकडेतिकडे बघू लागली. शेवटी तिनं ओरडून सांगितलं. तेव्हा त्याला कळलं, आणि त्यानं काठी मांडीवर आडवी ठेवली.

अंजनाबाईनं पदर सोडला.

"आता पाहा माझ्या ओठाकडे, तुमाले सवय आहे," ती म्हणाली. "तुमच्या कानाले जेवढं पायजे तेवढं तुमी वाढवून राहिले. तुमचे कान मागानं खाल्ले. ते तुमाले समजत बी नाही, अन् समजलं तं लाज वाटते सांगाले. मी तुमाले हसून नाही राहिली. माझ्या घरीच आहे एक." ती लहानूकडे वळली नाही. "पण तुमचं गेलं म्हणून या पोट्ट्यांचं बी घेता काय? माझ्या पोरीचा डावा कान गेला. एकोणीस वर्षांची आहे ते. मागावर एक दिवस नाही गेली, अन् कान मागावरचा!"

"घरच्या गोष्टी स्टेजवर आणता?" भैय्याजी कुजबुजला.

"तुमी कापूस काढला तो घरी जाऊन काढला काय?"

मागून बाया हसल्या.  पुष्पलता भैय्याजीसमोर येऊन उभी राहिली आणि तळहात पुढं केला. "द्या जी, भैय्याजी."

"लोक काय म्हणन?"

"म्हणू द्या. नाही तं तुमीच गा."

भैय्याजीनं खिशातून गोळ्या काढून दिल्या. तिनं त्या सगळ्यांसमोर, घाई न करता, एकेक करून कानात बसवल्या.

लहानू टेबलापासून उठला. सगळे त्याच्याकडे बघत होते आणि त्याला तेवढं नक्की दिसत होतं. तो तिसऱ्या बॉक्सपाशी गेला, दोन्ही हात घालून त्याला हलवू लागला. लाकूड जड होतं. कुणी मदतीला उठलं नाही. अंजनाबाईही पुढं झाली नाही. त्यानं एकट्यानं बॉक्स फरफटत स्टेजच्या खाली नेला आणि तोंड बाहेर केलं. परत टेबलापाशी आला तेव्हा त्याच्या खुर्चीवर मीराबाई बसली होती. अंजनाबाईनं तिला मागून हात धरून आणलं होतं.

"मले काय समजते वं यातलं?" मीराबाई म्हणत होती. "मी कधी हात बी नाही लावला."

"तुले आयकू येते. बस. तुह्या नातवानं कान झाकला की कमी कर."

अंजनाबाईनं प्लग परत लावला आणि गाणं सुरू झालं. पुढची काही माणसं पाय आपटत उठून गेली. "बायांनी चालवली आता पार्टी," एक जण जाता जाता म्हणाला. रामाजी गेला नाही. तो काठी टेकत स्टेजच्या अगदी खाली येऊन बसला आणि पुष्पलताच्या ओठांकडे बघत राहिला. सामना कामठीवाल्यांनी जिंकला. पंचांनी सांगितलं, तुमच्या पार्टीत दम नव्हता.

लोक पांगले. लहानू तारा गुंडाळत होता. अंजनाबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली, त्याला दिसेल अशी. त्यानं तारेचा वेढा पुरा केला आणि मान वर केली.

"कशी गायली?" त्यानं विचारलं.

त्याला एक शब्दही ऐकू आला नव्हता. इतक्या कमी आवाजात पोरीचं गाणं त्याच्यापर्यंत पोचतच नव्हतं. अंजनाबाईला त्याची दया आली असती, पण राग अजून तसाच होता, चुलीतल्या निखाऱ्यासारखा.

"चांगली गायली. तिसऱ्या कडव्याले सूर सुटला. डाव्या बाजूची पेटी तिले आयकू नाही आली."

लहानूच्या हातातली तार सैल पडली.

"सोमवारी सुट्टी टाका," ती म्हणाली. "दवाखान्यात जायचं आहे. तिचा कान परत दाखवायचा. अन् तुमचे दोन्ही."

"मिलले समजन, अंजना."

"समजू द्या! मिलनंच तं घेतले तुमचे कान. मिलले नाही समजन तं कोणाले समजन? सुट्टीच्या अर्जात लिहा, काहून पायजे ते. लिवता येत नसन तं पुष्पी लिवन."

तो तिच्या ओठांकडे बघत होता. तिनं सगळं परत एकदा सांगितलं, अजून हळू, एकेक शब्द सुटा करून, म्हणजे त्याला पुढं म्हणता येऊ नये की कळलं नाही.